प्लॉटिंग लायब्ररीत काम करायचंय? आधी तिथला प्लॅन कसा ठरतो ते बघा

कॉलेजची पोरं हल्ली बरीच विचारतात, ताई ओपन सोर्समध्ये (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) काहीतरी करायचंय, कुठलं फीचर टाकू? माझं उत्तर दरवेळी तेच असतं की फीचर राहू दे बाजूला, आधी त्या प्रोजेक्टचं पुढचं व्हर्जन कसं ठरतं ते बघ, त्यात काय बसतं, काय बसत नाही आणि का बसत नाही. हे कळलं नाही तर तुम्ही महिनाभर खपून कोड लिहाल आणि तो तसाच पडून राहील, आणि मग तुम्हाला वाटेल की तिकडची माणसं शिष्ट आहेत. शिष्ट नसतात हो, कमी असतात.

मी सांगलीत राहते, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी जमेल तसं हे. मॅटप्लॉटलिबवर जास्त वेळ गेला म्हणून उदाहरणं तिथलीच देते. पायथनमध्ये ग्राफ काढणारी ही लायब्ररी जॉन हंटर नावाच्या न्यूरोबायोलॉजिस्टनं सुरू केली, २००३ मध्ये पहिली रिलीज आली, अपस्माराच्या पेशंटच्या मेंदूचे सिग्नल बघायला त्यांना स्वतःलाच टूल हवं होतं. २०१२ मध्ये ते गेले. त्यानंतर प्रोजेक्ट चालवतायत ती बहुतेक स्वतःची नोकरी, संशोधन सांभाळून वेळ देणारी माणसं, थोड्या कामाला कधी ग्रँट मिळते. वर कुणी साहेब बसलेला नाही की जो म्हणेल हे फीचर मार्चपर्यंत द्या. त्यामुळं रोडमॅप वाचताना हे डोक्यात ठेवा की त्यात "हे व्हावं" असं लिहिलेलं असतं, "हे होईल" असं नाही. गिटहबवर, म्हणजे जिथं हा कोड ठेवलेला असतो त्या साइटवर, इश्यूला (कुणी नोंदवलेल्या बगला किंवा मागणीला) माईलस्टोन, म्हणजे कुठल्या व्हर्जनमध्ये करायचं त्याची खूण, लावलेला दिसतो, ३.१० वगैरे, तो म्हणजे काय पाटाच्या पाण्याची पाळी नव्हे की आपला नंबर लागला की पाणी येणारच. रिलीज जवळ आली आणि काम झालं नसलं की माईलस्टोन सरळ पुढच्या व्हर्जनला ढकलतात, कुणाला वाईटबिईट वाटत नाही.

आता माझं लाडकं उदाहरण. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी दर पावसाळ्यात आख्खी सांगली बघत असते, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेली होती. मी तिचा ग्राफ काढायचा ठरवला आणि लेबलं मराठीत टाकली. पहिल्यांदा आले नुसते चौकोन, आणि खाली वॉर्निंग की ग्लिफ (अक्षराचं चित्र) २३५० सध्याच्या फाँटमध्ये नाही. २३५० म्हणजे आपला म. डिफॉल्ट फाँट देजावू सॅन्स, त्यात देवनागरीच नाही. नोटो सॅन्स देवनागरी लावला, चौकोन गेले, पण मिरज लिहिलं तर चक्क मरिज दिसायला लागलं. मिरजेत दवाखाने एवढे की म्हटलं चला, चूक असली तरी अगदीच खोटं नाही.

हे का होतं ते समजून घ्या, कारण प्लॅनिंगचा सगळा मामला यात आहे. युनिकोडमध्ये आधी म साठवतात मग वेलांटी, पण ऱ्हस्व वेलांटी काढायची असते म च्या आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवणं हे शेपिंग इंजिनचं काम, हार्फबझ नावाचं एक आहे, बऱ्याच ब्राउझरमध्ये तेच चालतं. मॅटप्लॉटलिब मात्र वर्षानुवर्षं फ्रीटाइपकडून, म्हणजे फाँटमधून अक्षरांची चित्रं काढून देणाऱ्या लायब्ररीकडून, एकेक ग्लिफ घेऊन ओळीत मांडत आली. ग्नूप्लॉट हे ग्राफ काढायचं दुसरं टूल, जे १९८६ पासून आहे, त्याच्या पीएनजीकैरो टर्मिनलला (पीएनजी चित्र काढणाऱ्या भागाला) हा त्रास नाही कारण ते टेक्स्टचं काम पँगो नावाच्या लायब्ररीकडं देतं आणि पँगो आतून हार्फबझ वापरतं. मग मॅटप्लॉटलिबवाल्यांनी हार्फबझ जोडून टाकायचं ना, त्यात काय एवढं? मलाही असंच वाटायचं.

तर एवढं असं की त्यांच्या टेस्ट इमेजवर चालतात. प्रत्येक टेस्ट एक ग्राफ काढते आणि रेपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात, ठेवलेल्या जुन्या चित्राशी पिक्सेलनं पिक्सेल ताडून बघते. ग्राफ म्हटला की अक्षरं आलीच, निदान अक्षावरचे आकडे तरी. अक्षर काढायची पद्धत केसभर बदलली की ढीगभर चित्रं एकदम फेल. म्हणून टेस्टसाठी फ्रीटाइपसुद्धा २०१५ सालच्या २.६.१ वर अडकवून ठेवलेलं होतं, नवं घेतलं तरी चित्रं बदलतात. आणि बदललेलं प्रत्येक चित्र गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या टूलच्या) इतिहासात कायमचं राहतं, रेपो फुगत जातो. त्यामुळं टेक्स्टची छोटी छोटी दुरुस्ती वेगवेगळ्या रिलीजमध्ये करण्यापेक्षा सगळी एकत्र करून चित्रं एकदाच बदलायची असा हिशोब असतो, आणि त्यासाठीच टेक्स्टचं काम मेन, म्हणजे मुख्य कोड, सोडून वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) गोळा केलं गेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं साधा बग वर्षानुवर्षं पडलाय. पडलेला नसतो, दुसऱ्या कशाची तरी वाट बघत असतो. इश्यू वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हा कशासाठी थांबलाय?

असं जमवून ठेवून एकदम करण्याचं आणखी मोठं उदाहरण मॅटप्लॉटलिबच्याच २.० व्हर्जनचं आहे, जानेवारी २०१७. डिफॉल्ट रंग, रेषा, ती इंद्रधनुष्यासारखी जेट कलरमॅप (आकड्यांना रंग नेमून देणारी पट्टी), सगळं बदललं आणि जेटच्या जागी व्हिरिडिस आली. जेटमध्ये डेटात काही नसताना डोळ्याला पट्टे दिसतात ही तक्रार जुनीच होती, पण डिफॉल्ट बदलला की जगभरच्या लोकांचे ग्राफ एका रात्रीत वेगळे दिसणार, म्हणून एक आख्खं मोठं व्हर्जन त्यालाच दिलं आणि ज्यांना जुनंच हवं त्यांच्यासाठी क्लासिक नावाची स्टाइल ठेवली. मला विचाराल तर प्लॅनिंग शिकायला याच्याइतकं चांगलं प्रकरण नाही.

रोजच्या कामात मात्र नियम सोपा आहे. व्हर्जनचा तिसरा आकडा, म्हणजे ३.९.१ मधला १, तो फक्त बगफिक्ससाठी. नवं फीचर मधला आकडा वाढतो तेव्हाच, साधारण सहा महिन्यांनी, कधी जास्त. तुमचा बगफिक्स आधी मेनवर मर्ज होतो, म्हणजे मिसळला जातो, आणि मग बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) तो चालू व्हर्जनच्या ब्रँचवर उचलून नेतो, त्याला बॅकपोर्ट म्हणतात. काही काढून टाकायचं असेल तर आधी डेप्रिकेशनची वॉर्निंग, म्हणजे हे पुढं जाणार अशी सूचना, आणि मग कमीत कमी दोन मधल्या रिलीज थांबायचं, ३.९ मध्ये वॉर्निंग दिली तर ३.११ च्या आधी हात लावायचा नाही. म्हणजे आर्ग्युमेंटचं नाव चुकीचं आहे बदलून टाका असं जे आपण सहज म्हणतो ना, ते वर्षभराचं काम असतं.

आणि कधी कधी प्लॅन दुसऱ्याच्याच कॅलेंडरवर चालतो. नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी, मॅटप्लॉटलिब तिच्यावरच उभी आहे. तिचं २.० जून २०२४ ला आलं, त्याचं बायनरी इंटरफेस, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडनं एकमेकांशी बोलायची पद्धत, बदललं, त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना आपापली पॅकेजं परत बिल्ड करणं भाग होतं. मॅटप्लॉटलिबनं ३.९ त्या तयारीनं मे मध्ये आणलं. अशा वेळी तुमचं गोंडस फीचर कोण बघणार सांगा.

फीचर मागायचंच असेल तर आधी ते आत्ताच करता येतं का बघा. मला ४५ फुटांवर लाल रेषा आणि रेषेच्या टोकाला "धोका" असं लिहिलेलं हवं होतं, वाटलं रेषेच्या फंक्शनलाच टेक्स्टचं आर्ग्युमेंट असावं. पण ॲक्सएचलाइन (आडवी रेषा काढणारं फंक्शन) आणि टेक्स्ट मिळून दोन ओळीत ते होतं, टेक्स्टला गेट वायॲक्सिस ट्रान्सफॉर्म दिला की क्ष दिशेला अक्षाचा हिस्सा आणि य दिशेला डेटाचा आकडा घेतो. मग मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारी माणसं, विचारणारच की दोन ओळींसाठी नवं आर्ग्युमेंट कशाला, ते एकदा घातलं की पुढं कायम सांभाळायचं आम्ही. यावर तुमच्याकडं उत्तर असेल तर इश्यू उघडा. खूप जणांना लागतंय पण बाहेरून करायला फार आडवळण पडतंय असं दाखवता आलं तर ते लोक ऐकतात, मी बघितलंय.

नवख्याला खरी किंमत मिळते ती बगच्या बाजूला. कुणीतरी लिहितं की काल चालत होतं आज चालत नाही, तुम्ही ते आपल्या मशीनवर करून बघा, डेटा काढून टाकून दहा ओळींचा कोड उरवा, व्हर्जन, बॅकएंड (ग्राफ प्रत्यक्ष स्क्रीनवर किंवा फाइलमध्ये काढणारा भाग), ऑपरेटिंग सिस्टिम लिहा, आणि जमलं तर गिट बायसेक्ट लावून, म्हणजे जुने बदल अर्धे अर्धे करत तपासून, नेमक्या कुठल्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) बिघडलं ते शोधा. बायसेक्ट केलेला बग आणि नुसता "नॉट वर्किंग" बग यांच्या नशिबात जमीन अस्मानाचा फरक असतो. पहिल्याला बऱ्याचदा लगेच पुढच्या बगफिक्स रिलीजचा माईलस्टोन लागतो, अगदी मोठं काही तुटलं असेल तर रिलीज क्रिटिकल असं लेबल, म्हणजे ते झाल्याशिवाय व्हर्जन बाहेर पडत नाही. कोडची एक ओळ न लिहिता तुम्ही प्लॅन हलवला. वर्षभर कुणी काही न बोललेल्या इश्यूंवर बॉट इनॲक्टिव्हचं लेबल लावतो, ते उघडून नव्या व्हर्जनवर अजून होतंय का एवढं सांगितलं तरी लई उपयोग होतो.

गुड फर्स्ट इश्यूवर, म्हणजे नवख्यांना जमेल असं लेबल लावलेल्या इश्यूवर, "सर प्लीज असाइन मी" लिहू नका. तिथं असाइन करतच नाहीत, कुणी आधीच पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती, कोडसकट) टाकलीय का बघायचं आणि नसेल तर आपली टाकायची. कोड असेल तर दोन कोअर डेव्हलपरची, म्हणजे बदल मर्ज करायचा हक्क असलेल्यांची, मान्यता लागते, म्हणून वेळ लागतो. नवी टेस्ट लिहिताना शक्यतो नवं चित्र घालू नका, चेक फिगर्स ईक्वल म्हणून एक डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहायची पायथनची ओळ) आहे, तो दोन पद्धतीनं काढलेले ग्राफ एकमेकांशी ताडतो, रेपोत काही वाढत नाही, रिव्ह्यू करणारा खूश. फीचर असेल तर व्हॉट्स न्यू (नव्या व्हर्जनमध्ये काय आलं त्या पानासाठी) छोटी फाइलही सोबत लागते.

बिल्ड करताना जुना लॅपटॉप रडतो, पहिल्यांदा सी प्लस प्लसचा भाग कंपाइल व्हायला वेळ जातो, लाइट जायच्या टायमाला सुरू करू नका. डेव्हलपर मीटिंग अमेरिकेतल्या दुपारी असते म्हणजे आपल्याकडं मध्यरात्र, मी नोट्स वाचते, त्यात कुठल्या इश्यूबद्दल काय ठरलं ते मिळतं आणि झोपही होते. नोकरीचं म्हणाल तर पुण्यातल्या इंटरव्ह्यूत मला मर्ज किती झाले हे कुणी विचारलं नाही, एका रिव्ह्यूवर झालेली चर्चा उघडून हा बदल असा का केला एवढंच विचारत बसले.

आणि सेमिस्टरच्या परीक्षा आल्या, काम अर्धं राहिलं, तर पुल रिक्वेस्टवर तसं स्पष्ट लिहून टाका की मला आता जमणार नाही, कुणीही पुढं न्या. तिथं ऑर्फन्ड असं लेबलच आहे, अशा सोडलेल्या पुल रिक्वेस्ट दुसरं कुणीतरी उचलतं आणि तुमचे कमिट तुमच्या नावानं तसेच ठेवून पूर्ण करतं. उलट तुम्हीच नवीन असाल आणि काय करावं सुचत नसेल तर त्याच लेबलवर क्लिक करा, अर्धं काम झालेलं असतं, रिव्ह्यू काय आलाय तो वाचायला मिळतो आणि बऱ्याचदा फक्त टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन उरलेलं असतं.