स्पिनिंग ब्लॅक होलभोवतीचं पोलरायझेशन मॉडेल करताना या चुका टाळा

सगळ्यांचं लक्ष केर जिओडेसिक (फिरत्या ब्लॅक होलभोवतीची प्रकाशाची वाट) नीट सुटतंय का यावर असतं, आणि घोटाळा त्याच्या आधीच होऊन बसतो, चुंबकीय क्षेत्र लिहिताना. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनच्या, म्हणजे सिंक्रोट्रॉन प्रकाशाची पोलरायझेशनची (विद्युत क्षेत्राच्या कंपनाची) दिशा फिरणाऱ्या मटेरियलच्या स्वतःच्या फ्रेममध्ये ठरते, तिथे ती फोटॉनच्या दिशेला आणि क्षेत्राला, दोन्हींना काटकोनात असते. म्हणजे आधी टेट्राड (त्या फ्रेममधले एक लांबीचे, एकमेकांना काटकोनातले चार अक्ष), मग बाकी सगळं.

एका विद्यार्थ्याने चित्र आणलं, आत जावं तशा पोलरायझेशनच्या रेषा पिळत जाणाऱ्या, म्हणाला स्पिन (कमाल १ धरून) ०.९ आहे ना, हे फ्रेम ड्रॅगिंग (फिरतं ब्लॅक होल भोवतीचा अवकाश ओढत नेतं ते). मी म्हटलं स्पिन शून्य कर आणि परत चालव. पीळ जवळपास तसाच! त्याने क्षेत्राचे रेडियल (केंद्रातून बाहेर जाणारे) आणि टोरॉइडल (केंद्राभोवती गोल फिरणारे) घटक सारखे दिलेले, पण थेट बॉयर-लिंडक्विस्ट, म्हणजे फिरत्या ब्लॅक होलसाठीच्या नेहमीच्या, कोऑर्डिनेट्समध्ये, आणि तिथले बेसिस व्हेक्टर एक लांबीचे नसतात. स्पिन शून्य धरून आर, म्हणजे रेडियस, ६ एम घेतला (एम म्हणजे ब्लॅक होलचं वस्तुमान, लांबीच्या एककात) तर टोरॉइडल बेसिस व्हेक्टरची लांबी ६ आणि रेडियलची साधारण १.२, म्हणजे ४५ अंशांचं क्षेत्र जवळजवळ पूर्ण टोरॉइडल झालं, वर हे गुणोत्तर रेडियसप्रमाणे बदलतं, म्हणून पीळ. खरा थोडा पीळ स्पिनशिवायही असतो, ॲबरेशन (वेगामुळे प्रकाशाची दिशा बदलणं) आणि लेन्सिंग (गुरुत्वामुळे वाट वाकणं) यांमुळे, म्हणून तर नुसतं चित्र बघून स्पिन सांगायचा मोह फार वाईट.

मी नवीन कोडला हात लावला की आधी स्पिन शून्य, वेग शून्य, बघायचं बरोबर वरून. टोरॉइडल क्षेत्राला रेषा केंद्राकडे जाणाऱ्या यायला हव्यात, रेडियल क्षेत्राला गोल फिरणाऱ्या. हे जमल्याशिवाय स्पिन वाढवायचाच नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण घाई असलेल्यांना थेट एम८७ दीर्घिकेतल्या ब्लॅक होलचं चित्र हवं असतं.

दुसरी सवय, कोनांची सरासरी. १ अंश आणि १७९ अंश यांची सरासरी ९० येते आणि उत्तर शून्य असायला हवं, कारण पोलरायझेशनचा कोन १८० अंशांनी परत तोच असतो. हॉटस्पॉटच्या (ब्लॅक होलभोवती फिरणाऱ्या तेजस्वी ठिपक्याच्या) एका फेरीची सरासरी काढायची असो की चित्र दुर्बिणीच्या बीमने धूसर करायचं असो, आधी क्यू आणि यू (पोलरायझेशनचे स्टोक्स घटक) बेरजेत घ्या, कोन अगदी शेवटी काढा, तोही दोन आर्ग्युमेंटवाल्या आर्कटॅनने आणि अर्धा करून.

पोलरायझेशन व्हेक्टर अख्ख्या वाटेवर इंटिग्रेट करत बसू नका, वाटेत फॅरडे रोटेशन (प्लाझ्मात पोलरायझेशनचा कोन फिरणं) वगैरे काही नसेल तर वॉकर-पेनरोज स्थिरांक (पोलरायझेशनशी जोडलेली, वाटभर न बदलणारी राशी) दोन्ही टोकांना काढला की झालं. इंटिग्रेट करायचंच असेल तर तो फोटॉनच्या दिशेला काटकोनात राहतोय ना, हे मधेमधे तपासा.

क्यू आणि यू ला रेडशिफ्टचा (वेग आणि गुरुत्वामुळे वारंवारता बदलण्याचा) तोच फॅक्टर लावा जो इंटेन्सिटीला लावता.

कोन उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात आणि आकाशात पूर्व डावीकडे असते, प्लॉटचा एक्स अक्ष उजवीकडे वाढत असेल तर चित्र आरशातलं होईल आणि फिरण्याची दिशाच उलटी वाचाल.

फॅरडे रोटेशन तरंगलांबीच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे २३० गिगाहर्ट्झला जे सोडून दिलं ते ८६ ला, म्हणजे जास्त तरंगलांबीला, सोडता येईलच असं नाही.