क्लबने ‘जा’ म्हटलं म्हणजे तुम्ही मोकळे झालात असं नाही

फुटबॉलमध्ये स्ट्रायकर व्हायचंय, ट्रायल देताय, एखाद्या क्लबचा कॉन्ट्रॅक्ट समोर यायची शक्यता आहे, तर हे तुमच्यासाठी. फिनिशिंग, म्हणजे गोल मारणं, कसं सुधारायचं ते यात नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. यात कागदपत्रांबद्दल आहे, कारण माझा एक अख्खा सीझन कागदाने खाल्ला आणि तो आजही डोक्यातून जात नाही.

उदाहरण घेतो रोमानियाच्या आद्रियान मुटूचं. 2015 मध्ये तो एफसी पुणे सिटीकडून आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला, बालेवाडीला गेलेल्यांना आठवत असेल. तेव्हा तो 36 वर्षांचा होता, धाव मंदावलेली, पण पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल थांबवायची पद्धत बघण्यासारखी. खरा मुटू त्याआधीचा. पितेश्तीच्या आर्जेश क्लबमधून सुरुवात, मग दिनामो बुखारेस्ट, तिथून इंटर मिलान. इंटरमध्ये जागा मिळेना म्हणून वेरोना. मग पार्मा, आणि 2002-03 मध्ये सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये 18 गोल. रोमानियासाठी 77 सामन्यांत 35 गोल, म्हणजे थेट हाजी या रोमानियाच्या दिग्गज खेळाडूची बरोबरी.

2003 मध्ये चेल्सीने त्याला पार्माकडून 2 कोटी 25 लाख युरोंना घेतलं, पाच वर्षांच्या करारावर. पहिल्या तीन सामन्यांत चार गोल. पुढच्याच वर्षी डोपिंग चाचणीत कोकेन सापडलं, ऑक्टोबर 2004 मध्ये चेल्सीने हाकललं, वर सात महिन्यांची बंदी. कोणालाही वाटेल, विषय संपला. शिक्षा झाली, नोकरी गेली, आता नवा क्लब. बंदी चालू असतानाच युव्हेंटसने त्याला घेतलंही.

विषय संपला नव्हता. चेल्सीने भरपाई मागितली. आधी एवढंच ठरलं की करार मोडला कोणी. हाकललं क्लबने, तरी मोडणारा खेळाडूच, कारण त्याच्या वागण्यामुळे क्लबला हाकलावं लागलं. मग रक्कम. 2008 मध्ये फिफाने ठरवली 1 कोटी 71 लाख 73 हजार 990 युरो. एवढी कशी? पगाराशी तिचा फारसा संबंध नाही. क्लबने ट्रान्सफरला मोजलेले पैसे कराराच्या पाच वर्षांवर वाटले गेले होते, आणि मुटू खेळला जेमतेम सव्वा वर्ष. उरलेल्या काळाच्या वाट्याला येणारी रक्कम त्याच्या अंगावर आली. 2009 मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने ती कायम ठेवली, 2010 मध्ये स्विस न्यायालयाने अपील फेटाळलं, 2018 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही तो हरला. गंमत बघा, मधे, त्याला नंतर घेणाऱ्या युव्हेंटस आणि लिव्होर्नो या इटालियन क्लबांनीही ही भरपाई द्यायला जबाबदार असावं असा फिफाचा निर्णय झाला होता. लवादाने तो 2015 मध्ये रद्द केला. क्लब सुटले, खेळाडू नाही.

तुमच्या-माझ्यावर कोणी कोटीचा दावा लावणार नाही, घाबरू नका. पण करार कोणी मोडला हा प्रश्न आपल्या पातळीवरही तस्साच येतो. माझा क्लब पगार थकवत होता. मॅनेजर मैदानाच्या कडेला म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस, तू मोकळा.” मी गेलो. दुसऱ्या क्लबने पसंत केलं, जर्सीचा नंबरही ठरला. रजिस्ट्रेशन करायला बसले तर फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन सिस्टीमवर, मी अजून जुन्याच क्लबचा. एनओसी मागितली, तर उत्तर आलं की हाच प्रॅक्टिसला यायचा बंद झाला. क्लब बदलायची मुदत, म्हणजे विंडो, संपली.

म्हणून नीट समजून घ्या. संघातून वगळणं वेगळं, करार संपणं वेगळं, रजिस्ट्रेशन सुटणं वेगळं. कोचने तुम्हाला वगळलं तरी करार चालूच असतो. करार संपला तरी सिस्टीमवर नाव अडकलेलं असू शकतं. आणि ‘येऊ नकोस’ हे तोंडी वाक्य यातलं काहीच करत नाही. उलट तुम्ही घरी बसलात की गैरहजेरी तुमच्या नावावर चढते. अशा वेळी त्याच संध्याकाळी ईमेल करा: आज अमक्यांनी मला सरावाला येऊ नका असं सांगितलं, मी यायला तयार आहे, निर्णय लेखी कळवा. उत्तर येईपर्यंत किट घालून गेटवर हजर राहा. लाज वाटते, वाटू दे.

पगार थकला असेल तर 2018 पासून फिफाच्या नियमांत स्पष्ट आहे: किमान दोन महिन्यांचे पगार थकले असतील, तर लेखी नोटीस द्यायची, क्लबला पैसे भरायला किमान 15 दिवस द्यायचे, आणि तरीही नाही दिले तर करार सोडायला तुमच्याकडे रास्त कारण असतं. नोटिशीआधी निघून गेलात तर तेच कारण लंगडं पडतं.

एजंट म्हणेल, “मी बोलून ठेवलंय.” बोलून ठेवलेल्याला कवडीची किंमत नाही. माझं मत विचाराल तर एजंटपेक्षा तुमची जागा ओळखणारा कोच शोधा. मुटूला पार्मात कोच प्रांदेल्लीने खेळवलं होतं, पुढे फिओरेंतिना या इटालियन क्लबात पुन्हा तोच भेटला आणि माणूस उभा राहिला. मोठ्या क्लबच्या बेंचपेक्षा ते बरं.

शॉर्टकटवाल्यांसाठी एकच: जानेवारी 2010 मध्ये मुटू पुन्हा सापडला, या वेळी सिब्युट्रामिनमध्ये. भूक मारणारं, वजन उतरवायच्या गोळ्यांतलं औषध. पुन्हा नऊ महिने बाहेर. जिमवाला देतो ती ‘हर्बल’ पुडी तोंडात टाकायच्या आधी एवढं आठवा.

आणि सीझन गेलाच असेल तर? जातो. मुटू पहिल्या बंदीनंतर फिओरेंतिनात पाच सीझन खेळला, अंगावर खटला असताना. मीही पुढच्या विंडोत खेळलो, खालच्या डिव्हिजनला, पण खेळलो.

थकलेल्या पगाराची नोटीस साध्या इंग्रजीत लिहा. करार कधीचा, कुठल्या महिन्यांचा किती पगार बाकी, बँक खातं कुठलं, मुदत कुठल्या तारखेपर्यंत. शिव्या, उपकार, आईचं आजारपण, काही नको. क्लबच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, प्रत राज्य संघटनेला. व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकांवर विसंबू नका.