केल्पचं जंगल उन्हानं गेलं का चरण्यानं, घरबसल्या कसं ओळखायचं

गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला गेलात तरी केल्प, म्हणजे समुद्रात जंगलासारखं वाढणारं मोठं शेवाळ, दिसणार नाही, त्याला थंड पाणी लागतं, आपल्याकडं खडकांवर सरगॅसम नावाचं शेवाळ असतं ते वेगळं. पण कॅलिफोर्नियातलं केल्प उपग्रहातनं दिसतं आणि तो सगळा डेटा फुकट आहे. म्हणून कोल्हापुरातल्या बारावी-बीएस्सीच्या पोरांनी प्रोजेक्टला हा विषय घ्याच, लॅपटॉप आणि बरं नेट एवढंच लागतंय.

आधी दोन जाती डोक्यात ठेवा. जायंट केल्प म्हणजे उसाचा खोडवा समजा, खडकाला धरलेला बुंधा जिता असला की वरचं वादळात तुटून गेलं तरी परत फुटतंय. बुल केल्प म्हणजे दरसाल नवी लागण, बीजाणूपासनं सुरुवात, त्यामुळं एक साल वाईट गेलं की पुढच्या सालाचं बियाणंच कमी पडतं.

आता केल्पवॉच ही साइट उघडा. लॅण्डसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या फोटोंवरनं, 1984 पासनं पाण्यावर तरंगणारा केल्प किती होता ते तिमाहीनुसार दाखवते, एक पिक्सेल 30 मीटरचा. उत्तर कॅलिफोर्नियाचा सोनोमा-मेंडोसिनोचा किनारा निवडा आणि जुलै-सप्टेंबरची तिमाहीच दरवर्षी एकमेकांशी ताडून बघा, कारण हिवाळ्यात लाटांनी पसारा तुटतोच, त्याला ऱ्हास म्हणायचं नसतं.

2014 नंतर ग्राफ कसा कोसळलाय बघा. साधारण 350 किलोमीटरच्या किनाऱ्यावरचा 90 टक्क्यांहून जास्त बुल केल्प गेला. 2014 ते 2016 तिथं समुद्रात उष्णतेची मोठी लाट होती, आणि गरम पाण्याचा खरा फटका म्हणजे त्यात नायट्रेट जवळजवळ नसतं, खालनं थंड पाणी वर आलं नाही की केल्प उपाशी. त्याच्या आधी, 2013 पासनं, तारामासे झिजून मरायला लागले होते, त्यात सनफ्लॉवर सी स्टार म्हणजे सी अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी, केल्प खातो) खाणारा मोठा शिकारी जवळपास संपला (तो कशानं मेला हे 2025 मध्ये कळलं, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू). मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: केल्प भरपूर असतो तेव्हा अर्चिन कपारीत बसून वाहत आलेली पानं खातात, ती यायची थांबली की बाहेर पडून जितं केल्प मुळापासनं कुरतडतात, आणि सगळं खडक बोडकं झाल्यावरही उपाशी राहून वर्षानुवर्षं जगतात, म्हणून नवं रोप वर येतच नाही.

मग ओळखायचं कसं? नोआ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचे समुद्राच्या तापमानाचे नकाशे शेजारच्या टॅबमध्ये उघडा. पाणी थंड झाल्यावर एक-दोन वर्षांत ग्राफ वर आला तर तो उष्णतेचा फटका होता. पाणी थंड होऊनही ग्राफ तळाला पडून राहिला तर अर्चिनवर संशय घ्या. मग तिथं शिकारी कोण उरलाय ते शोधा. कॅलिफोर्नियातल्याच माँटेरेत समुद्री पाणमांजरं आहेत, त्यांनी जिथं केल्प शिल्लक होतं तिथले गुबगुबीत अर्चिन खाऊन ते तुकडे राखले, पण बोडक्या खडकावरचे पोकळ अर्चिन ती खात नाहीत, त्यात काही नसतंच. तिथं मग डायव्हर हातोडीनं अर्चिन फोडतात, लॉस एंजेलिसजवळ पॅलोस व्हर्डिसला असं केल्यावर केल्प परत आलाय. न्यूझीलंडमध्ये ली नावाच्या गावाजवळ 1975 साली मासेमारी बंद केली, हळूहळू अर्चिन खाणारे स्नॅपर मासे आणि लॉबस्टर वाढले, अर्चिन घटले, केल्प आला.

एक सांभाळा, उपग्रहाला फक्त पाण्यावर आलेलं दिसतं आणि भरती किंवा जोराचा प्रवाह असला की तेही खाली दबतं, त्यामुळं एका तिमाहीवर निकाल देऊ नका. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं एक्लोनिया जातीचं केल्प तर पाण्याखालीच असतं. तिथं 2011 च्या उष्णतेत सुमारे 100 किलोमीटरचं जंगल गेलं आणि गरम पाण्याबरोबर आलेले शाकाहारी मासे आता नवी रोपं खाऊन टाकतात, ही माहिती डायव्हरांनी खाली उतरून मोजल्यावरच मिळाली.

हे जमलं की टास्मानिया घ्या. तिथं गरम प्रवाह आणि लांब काट्यांचा अर्चिन दोन्ही एकदमच दक्षिणेकडं सरकलेत, त्यामुळं दोघांचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे, वेळ काढून बसा.