गीरला सिंह बघायला जाताय? नोंदी करताना या चुका टाळा

गणेश चवथीची सुट्टी मोठी, म्हणून गोव्यातले बरेच जण गीरचा बेत तेव्हाच आखतात. पण गीरची जंगल सफारी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते. मग देवळिया पार्कात चक्कर मारून वहीत ‘कळपाच्या हालचाली’ लिहिल्या जातात. देवळियाला कुंपण आहे. सिंह जवळून बघायला ते ठीक, पण हालचालींची नोंद करायची तर ऑक्टोबरनंतरच जा.

टीव्हीवरची आफ्रिका डोक्यात घेऊन गेलं की पुढचा घोळ होतो. दोन सिंहिणी आणि बछडे दिसले की लगेच प्रश्न, नर कुठे, मेला की काय? गीरमध्ये नर बहुतेक वेळ माद्यांपासून वेगळेच असतात, एकटे किंवा दोघे-तिघे मिळून. माद्यांकडे येतात ते मिलनापुरते, नाहीतर मोठी शिकार पडली तर. कळपही लहान असतात, कारण मुख्य भक्ष्य चितळ आणि एका चितळात फार तोंडं भागत नाहीत. विरळ आयाळीतून कान दिसतात म्हणून नराला ‘अशक्त’ ठरवू नका, आशियाई सिंह तसाच असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ पोटावरून होतो. आशियाई सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांबट घडी लोंबते. ती बघून कुणी ‘गाभण’ लिहितं, कुणी ‘भरपेट’. घडी सोडा, बरगड्यांच्या मागची कूस बघा. तिथे खळगा पडला असेल तर पोट रिकामं. पोटभर खाल्लेला सिंह धापा टाकत पडलेला असतो, त्याला आजारी म्हणू नका. एकटी सिंहीण दिसली आणि तिच्या सडांभोवतीचे केस ओले, चिकटलेले असतील, तर पिल्लं जवळच लपवलेली आहेत. अशा वेळी तिच्या मागे जीप काढायला सांगणं हा शुद्ध गाढवपणा.

सकाळची आणि संध्याकाळची सिंहीण एकच का, हे मिशांच्या मुळाशी असलेल्या काळ्या ठिपक्यांवरून कळतं. वरच्या ओळीतले ठिपके प्रत्येक सिंहाचे वेगळे, आणि डाव्या-उजव्या बाजूचेही वेगळे. म्हणून फोटो दोन्ही बाजूंचे हवेत. सकाळी डावी आणि संध्याकाळी उजवीच बाजू टिपली, तर एक सिंहीण दोनदा मोजली जाते.

‘आजारी’ हा शब्द वहीत नकोच. दिसलं ते लिहा: पुढचा उजवा पाय टेकत नाही, नाकातून स्राव, चालताना झोकांड्या. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यातल्या काहींत कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. असं काही दिसलं तर वेळ आणि जागा लगेच गाइडला किंवा वनरक्षकाला सांगा.

ग्रुपवर मात्र ती जागा टाकू नका. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले, त्यातले निम्म्याहून जास्त गीर उद्यान आणि अभयारण्याच्या बाहेरचे, म्हणजे शेतं आणि गुरं असलेल्या मुलखातले. तिथे ठावठिकाणा नको त्या हाती गेला तर धोका. गुरांच्या मुलखात अशा जनावराचं काय होऊ शकतं, हे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्यांना सांगायला नको: २०२० च्या जानेवारीत तिथल्या म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. फोटो टाकायचाच तर घरी परतल्यावर, त्यातलं लोकेशन काढून आणि तालुक्याचं नाव न लिहिता टाका.