पहिली शॉर्टफिल्म एडिट करताना या चुका टाळा

रात्री नीट चालणारा प्रोजेक्ट सकाळी उघडला तर सगळ्या क्लिप लाल, वर ‘मीडिया ऑफलाइन’. माझी तर बोबडीच वळली होती. झालं होतं इतकंच, की आवरताना मी फुटेजच्या फोल्डरचं नाव बदललं होतं. सॉफ्टवेअर फुटेज स्वतःकडे ठेवत नाही, ते कुठे आहे एवढंच लक्षात ठेवतं. रिलिंक केलं, म्हणजे फुटेजची नवी जागा सॉफ्टवेअरला दाखवली, की सगळं परत येतं. पण मुळात फुटेज, आवाज, संगीत, प्रोजेक्ट सगळं सुरुवातीलाच एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. ती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

फोनवर शूट केलंय आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर? मग पहिल्या मिनिटाला ओठ जुळतात आणि पाचव्याला घसरतात, असं होऊ शकतं. बरेच फोन फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा, स्थिर ठेवत नाहीत. अशा वेळी क्लिप इकडेतिकडे सरकवत बसण्यात अर्थ नाही. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फुटेज आधी कॉन्स्टंट, म्हणजे स्थिर फ्रेम रेटवर आणा. टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी, 24 फ्रेमची की 25 ची, हेही आधीच ठरवा. दाविंची रिझॉल्व हे एडिटिंग सॉफ्टवेअर तर एकदा फुटेज आत आलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट सहजी बदलू देत नाही.

आता कापाकापी. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये दार वाजतं, बाई खुर्चीतून उठते, चालत जाते, कडी काढते, दार उघडते. चौदा सेकंद! त्या शॉटला अकरा टेक लागले होते, त्यामुळे कात्री चालवायला हात धजेना. एका मित्राने पाहून विचारलं, “ती दाराशी पोचेपर्यंत आम्ही काय करायचं?” शेवटी उरलं ते असं: टकटक, तिची वळलेली मान, आणि थेट उघडं दार. जेमतेम तीन सेकंद. शूटिंगला किती घाम गाळला हे प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा खर्डा, शूटवर नसलेल्या माणसाला दाखवा.

संवादात जो बोलतो त्याच्यावरच कट, ही सवयही मोडा. “मी उद्या निघतेय” हे वाक्य आईच्या चेहऱ्यावर ऐकू येऊ द्या. चित्र मुलीवरून आईवर जातं, आवाज मुलीचाच चालू राहतो. याला एल-कट म्हणतात, आणि निम्मे अवघडलेले प्रसंग एवढ्यानेच सुटतात.

आवाजाकडे मात्र नवखे शेवटी वळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. थोडं हललेलं चित्र लोक चालवून घेतात, खरखरीत संवाद नाही. दर कटला मागची घरघर बदलत असेल तर तिथल्या शांततेचं रेकॉर्डिंग, म्हणजे रूम टोन, सगळ्या प्रसंगाखाली सलग पसरा. ते रेकॉर्ड केलं नसेल तर टेकमधल्या दोन वाक्यांमधली शांतता उचला. संवाद सॉफ्टवेअरच्या आवाजाच्या मीटरवर साधारण उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्याला टेकला की फाटलाच. आणि कट जमत नाही म्हणून वर संगीत ओतू नका. आधी संगीत बंद करून प्रसंग उभा राहतो का ते बघा.

डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं), फिरणारी ट्रान्झिशन वगैरेंबद्दल एवढंच: साधा कट पुरतो.

एक्सपोर्ट झाल्यावर, म्हणजे फिल्मची अंतिम फाइल तयार झाल्यावर, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, एकदा हेडफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर. माझ्या एका फिल्ममध्ये शेवटच्या नामावलीनंतर दोन मिनिटं काळा पडदा होता, कारण टाइमलाइनच्या टोकाला एक विसरलेली क्लिप पडून राहिली होती.