पानाच्या कडा करपण्याआधी गळती मोजा

जायकवाडीच्या कालव्यावर काळ्या रानाला पाणी मिळालं, पण जिथं निचरा नाही तिथं जमीन चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झाली. मीठ बाधलंय हे आपल्याला करपलेल्या कडांवरून कळतं. खरं नुकसान त्याआधीच पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात, सुरू झालेलं असतं. कॅल्शियम हे पटल बांधून ठेवतं. सोडियमनं त्याची जागा घेतली की पटल सैल पडतं आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. ही गळती पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर मोजता येते.

दोन कुंड्यांत मूग पेरा. कापूस मीठ बराच सोसतो, मूग नाही. रोपांना तीन पानं आली की एका कुंडीला साधं पाणी द्या, दुसरीला मिठाचं: आधी लिटरमागे 1 ग्रॅम, तीन-चार दिवसांत वाढवत 3 ग्रॅम. एकदम 3 ग्रॅम देऊ नका, अचानक धक्क्यानं झाड वेगळंच वागतं.

आठवड्यानं दोन्हींची सारख्या वयाची 2 ग्रॅम पानं घ्या. बोटभर तुकडे करून डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा धुवा, म्हणजे धूळ आणि कापलेल्या कडांचा रस जाईल. हे धुणं टाळलं तर आकडा फसवतो. मग 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात चार तास ठेवून मीटर लावा. नंतर बरणी सैल झाकणानं उकळत्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा, पूर्ण गार करा, घटलेलं पाणी भरा, पुन्हा मोजा. उकळल्यावर सगळी पटलं फुटतात. समजा आधी 30 आणि नंतर 120 आलं, तर गळती 25 टक्के. मीठ खाल्लेल्या पानात क्षार मुळातच जास्त असतात, म्हणून नुसता पहिला आकडा नको, टक्केच पाहा.

दुसरा मार आतून बसतो. ताणात हरितलवकात (पानातल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणांत) सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं जहाल रूप वाढतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि ही जहाल द्रव्यं पटलाचे स्निग्ध घटक बिघडवतात. कॅटालेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. सारख्या वजनाची पानं गार पाण्यात वाटा, मेडिकलमधलं 3 टक्के पेरॉक्साइड दोन्हींत सारखंच घाला आणि फेसाची उंची मोजा. जास्त फेस म्हणजे झाड ठणठणीत, असं मात्र समजू नका. ताणात काही झाडं कॅटालेज वाढवतात, ताण लांबला की ते घसरूही शकतं. फेस वाढलाय आणि गळती कमी, तर झाड अजून झुंजतंय.

शेतातल्या पानांत गळती जास्त निघाली तर जिप्सम (माती सुधारायला वापरतात तो कॅल्शियमचा क्षार) आणण्याआधी माती तपासून घ्या आणि निचऱ्याचे चर काढा. जिप्सममुळं सोडियम मातीपासून सुटतो, पण वाहून जायला वाट नसेल तर तो मुळांपाशीच राहतो.