एकच फडकं घरभर फिरवू नका

मी कोल्हापुरात सतरा वर्षं साफसफाईची कामं करते. सकाळी ताराबाई पार्कात दोन घरं, दुपारनंतर शाहूपुरीत एक ऑफिस. आता हाताखाली तिघीजणी आहेत. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी मी तिला साबण-फिनेल दाखवत बसत नाही, तिच्या हातातलं फडकं बघते.

मागच्या पावसाळ्यात एक आली, कामाला वाघ. तिनं संडासाच्या फ्लशचं बटण पुसलं, त्याच फडक्यानं बेसिनचा नळ पुसला, फडकं बादलीत बुचकळून पिळलं आणि चहाच्या कपांचा ट्रे पुसायला घेतला. मी हात धरला. "धुतलं की वो ताई आत्ताच," म्हणाली. धुतलं होतं, पण त्याच बादलीत. ट्रे चकाचक दिसला असता आणि संडासातले जंतू सगळ्यांच्या चहापर्यंत गेले असते. हगवणीचे जंतू असेच पसरतात, आणि ते पसरवणारा हात आपलाच असतो.

म्हणून माझ्याकडं फडक्यांना रंग आहेत. जुनी सुती साडी फाडायची आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला मशीनवर रंगीत दोऱ्याची टीप मारायची. लाल टीप संडासाला, पिवळी बेसिन आणि न्हाणीघराला, हिरवी स्वयंपाकघराला, निळी टेबल-खुर्च्या-खिडक्यांना. लाल टिपेचं फडकं संडासाच्या दाराबाहेर येत नाही, त्याची बादलीसुद्धा वेगळी. फडकं दोनदा दुमडून वापरा, म्हणजे उलटसुलट करून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक मळली की दुसरी काढायची. आठही संपल्या की नवीन फडकं घ्यायचं, तेच बादलीत बुचकळत राहायचं नाही. आणि काम नेहमी वरून खाली, स्वच्छ जागेकडून घाण जागेकडं. संडास सगळ्यात शेवटी.

फरशीवर सगळ्यांचा जीव असतो, पण फरशीला दिवसात किती वेळा हात लागतो? लाइटची बटणं, दाराची कडी, फ्रीजचा दांडा, टीव्हीचा रिमोट, लिफ्टचं बटण, पाण्याच्या कूलरचा नळ, ऑफिसातला माऊस यांना दिवसभर दहा जणांचे हात लागतात. हे रोज पुसा. विजेच्या बटणांवर थेट फवारा मारू नका, घट्ट पिळलेलं फडकं फिरवा.

स्वयंपाकघरात मला सोमवारची धास्ती असते. रविवारी घरोघरी तांबडा-पांढरा. मटण-चिकन नळाखाली धुताना उडालेले थेंब सिंकभर, नळावर, शेजारच्या धुतलेल्या ताटांवरही बसतात. सोमवारी सिंक आणि नळाची मूठ आधी साबणानं घासते, मग ब्लीचचं पाणी. भांड्यांची घासणी ओली राहिली की तिच्यातच जंतू वाढतात, म्हणून ती कोरडी होईल अशी टांगा आणि वरचेवर बदला.

ब्लीच कधी वापरायचं, हे मला 2021 च्या महापुरानं शिकवलं. पाणी ओसरल्यावर शाहूपुरीतल्या एका दुकानात आम्ही गाळावरच ब्लीच ओतत होतो. वास भरपूर, उपयोग शून्य. गाळ, तेल, खरकटं असेल तर ब्लीचची ताकद त्यातच संपते. आधी साबण-पाण्यानं घाण काढायची, मग ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजेच ब्लीच) पाच टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर गार पाण्याला 20 मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. गरम पाण्यात त्याचा जोर जातो. लावल्या लावल्या पुसू नका, दहा मिनिटं जागा ओली राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं पुसा. नाहीतर स्टील खराब होतं. हे पाणी रोजच्या रोज नवीन करायचं, कालचं आज चालत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी, डाग लवकर जावेत म्हणून मी दोन्ही ओतली. खिडकी बंद होती. डोळे चुरचुरले, श्वास कोंडला, खोकत खोकत बाहेर पळाले. त्यातून क्लोरीन वायू निघतो, माणसाच्या जिवावर बेततं. आधी ॲसिड वापरलं असेल तर भरपूर पाणी ओतून ते वाहून जाऊ द्या आणि त्या दिवशी ब्लीचला हात लावू नका.

काम संपलं की फडकी रंगारंगाची वेगळी धुवायची, गरम पाण्यात साबण घालून, आणि कडक उन्हात वाळवायची. मॉप बादलीत भिजत ठेवू नका, डोकं वर करून टांगा. आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून मी पावसाळ्यात फडक्यांचा दुप्पट संच ठेवते आणि दमट राहिलेल्यांवर इस्त्री फिरवते. हातमोजे काढताना मनगटाकडून उलटे करत काढा, बाहेरची बाजू कातडीला लागता कामा नये. मग साबणानं हात धुवा, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा, मनात वीसपर्यंत आकडे मोजत. त्याशिवाय मी आमच्या पोरींना डबा उघडू देत नाही.